हॉटेल झाडी पॅलेस आन माझे सात फॅन

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी इश्वरशेठच्या राइस मिलची. दिवाळीले शेठनं बाबाले देली. बाबानं चार पानं दंडारीची गाणी उतरवली, मंग म्हणाले, "रेघा लय बारीक आहेत वो, तू घे." प्रत्येक पानाच्या खाली छापलं आहे, 'विश्वास हेच आमचे भांडवल – इश्वर राइस मिल, लाखनी'. म्हणजे शेठबद्दल जे काय लिवीन, ते त्याच्याच सहीवर.

पहिल्या पानावर फॉर्म आहे, तो भरला.

नाव: रिता मारोतराव लांजेवार. वय: वीस. शिक्षण: बारावी, इंग्रजी सोडून. दोनदा बसली, दोनदा सुटली. धंदा: झाडी फनलँड, चप्पल स्टँड. रक्तगट: माहीत नाही, आई म्हणते मिरचीचा असन.

झाडी फनलँड म्हणजे लाखनीच्या पुढं हायवेवरचा पार्क. तो पण इश्वरशेठचाच. घसरगुंड्या आहेत, गोल झुला आहे, शेपटी तुटलेला डायनासोर आहे. लोकं पाण्यात जायच्या आधी माझ्याजवळ चपला ठेवतात, मी टोकन देते. गेल्या महिन्यात दोन रुसलेले साढू आले, एकमेकाकडं पाहत नव्हते. मी दोघाइच्या चपला एकाच टोकनावर टाकल्या. शेवटी बोलाच लागलं त्याइले. माझ्यावर ओरडले, पण दोघं मिळून ओरडले. काम झालं.

आज लिवायचं कारण वेगळं. काल शेठनं गेटवर पोस्टर लावलं. 'लवकरच येत आहे! हॉटेल झाडी पॅलेस! साठ खोल्या!' फोटोत नारळाची झाडं आन मागं निळाशार समुद्र. हायवेवरचे ट्रकवाले थांबून पाहून राहिले होते.

६ जानेवारी

पार्कचा एक ग्रुप आहे मोबाइलवर, 'झाडी फनलँड चाहता मंडळ'. अकराशे लोकं. ॲडमिन आहेत जवाहरनगरचे आनंदरावकाका. दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, आन तवापासून दर रविवारी पार्कात येतात. गोल झुल्यात दोनशे बारा वेळा बसले, असं ते स्वतः सांगतात. वहीत तारखा आहेत.

हॉटेलचं पोस्टर ग्रुपवर पडलं आन लोकं सुटले.

लाखनीचा एक: "लाखनीतच घर आहे, हॉटेलात कायले झोपू? माया घरचा पंखा चांगला आहे."

मोहाडीची एक बाई: "खोलीत झिंगे शिजवाले चालन का? आमचे पाहुणे झिंग्याबिगर झोपत नाही."

कोणीतरी: "समुद्र कोणत्या साइडले?" त्याले खुद्द शेठनं उत्तर देलं, "समुद्र प्रतीकात्मक आहे." त्याच्याखाली अठ्ठावन्न जण हसले.

आनंदरावकाकानं लिवलं, "दोनशे बारा फेऱ्यांत मुक्कामाची गरज पडली नाही. तरी शुभेच्छा."

मले वाटलं, इतली मजा चालू आहे आन मी एकटीच एका नावानं बसली. गोलूजवळचा जुना मोबाइल घेतला, गोलू म्हणजे आमचा गोल झुला चालवणारा. जेवणाच्या सुट्टीत सात फॅन तयार केले. पुण्याचे रिटायर कर्नल साहेब. नागपूरची डिंपल. आणखी पाच, इंजिनिअर-बिंजिनिअर.

कर्नलनं लिवलं, "पलंगावरून थेट नाश्त्याच्या टेबलापर्यंत घसरगुंडी पाहिजे. फौजेत आम्ही असेच उठत होतो."

डिंपलनं लिवलं, "सकाळी सासू उठवते तसा अलार्म ठेवा. त्याशिवाय घरासारखं कसं वाटन?"

एका तासात दोनशे लोकाइनं सासूबाईले पाठिंबा देला. आनंदरावकाकानं कर्नलले विचारलं, "साहेब, आपण कोणत्या रेजिमेंटमध्ये होता?" मी लिवलं, "गुप्त आहे." काका म्हणते, "समजलं. मी पण फॅक्टरीत तीस वर्षं गुप्तच होतो."

भोळा माणूस आहे बिचारा.

९ जानेवारी

हसू हसू पोट दुखलं. शेठनं ग्रुपवर टाकलं: "चाहत्यांच्या आग्रहास्तव प्रत्येक खोलीत सासूबाई अलार्मची सोय करण्यात येईल." खाली विचारलं, आवाज कोणाचा ठेवावा.

एकशे चाळीस जावयाइनं आपापल्या सासूचं नाव सुचवलं.

शेठ खरंच वाचते म्हणजे. मिलमध्ये गिऱ्हाइकाचं ऐकत नाही, नागपूरच्या डिंपलचं ऐकते.

११ जानेवारी, रविवार

आजचं नीट लिवायचं आहे.

पार्कात गोल झुल्याच्या बाजूले टिनाचा मंडप आहे. दर रविवारी चार वाजता तथी बाबाच्या मंडळाची दंडार राहते. ढोलकी, झांजा, नाच, आन मधी एखादा नाटकाचा प्रवेश. बाबा धरून सात गडी. बाईचा पार्ट गोलू करते, आठवडाभर झुला चालवून रविवारी लुगडं नेसते. माइकवर पण तोच. आमच्याकडं कोणाचा पार्ट आवडला का पाहणारा उठून स्टेजवर येते, दहा-वीस रुपये देते, आन मंडळाले त्याचं नाव माइकवर घ्याच लागते. नाही घेतलं तर तो माणूस जन्मभर बोलत नाही. गोलूले त्याची इतली सवय आहे, का घरी कोणी चहा देला तरी "मंडळ आभारी आहे" म्हणते.

आनंदरावकाका पहिल्या रांगेत होते. अकरा रुपये देले. दर रविवारी देतात.

दंडार सुटली तवा दोन माणसं टेप घेऊन आले आन मंडपाच्या चारही कोपऱ्याले लाल झेंड्या गाडल्या. मी विचारलं, "कायच्या हो भौ?"

"हॉटेलची लॉबी."

"कुठं?"

"हे काय, इथंच. टिन निघते पुढच्या महिन्यात."

बाबा ढोलकीची दोरी ढिली करून राहिले होते. ऐकलं त्याइनं. म्हणाले, "बरं झालं. गुडघे दुखतात तसेही." आन ढोलकी खांद्यावर घेऊन सायकलकडं गेले. झांजा तिथंच विसरले. तीस वर्षांत कधी विसरले नाही.

वय झालं आता, दुसरं काय.

१३ जानेवारी

बाबाले ॲसिडिटी झाली वाटते. आईनं वांग्याची भाजी केली, हात लावला नाही. आई म्हणाली, "डॉक्टरले दाखवा." बाबा म्हणाले, "भूक नाही." मंग ओसरीत बसून ढोलकीले तेल लावलं. काल पण लावलं होतं. मी म्हटलं, "बाबा, तिले तळायची आहे का?" हसले नाही.

आईनं मले आत बोलावून सांगितलं, "त्याले चिडवू नको. आधी गावोगावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, बोलवत होते मंडळाले. आता लोकं मोठी नाटकं आणतात. हा एकच मंडप राहिला होता."

मले वाटत होतं बाबाले पार्कातला फुकटचा वडा आवडते म्हणून जातात.

१५ जानेवारी

सातही फॅनाइले कामाले लावलं.

कर्नल: "लॉबी मंडपाच्या जागी? हे युद्धनीतीच्या विरोधात आहे."

डिंपल: "मी नागपूरवरून दंडार पाहाले येते. लॉबी तर नागपूरले पण आहे."

इंजिनिअर: "त्या जागेची माती भुसभुशीत आहे. डायनासोरच्या मागची माती एकदम कडक." (डायनासोरच्या मागं शेठचं भंगार पडलं आहे. माती मी पण नाही पाहिली.)

शेठचं उत्तर नाही. सासूच्या अलार्मले दहा मिनिटात उत्तर देलं होतं.

आनंदरावकाका मात्र सातही जणाइले वेगवेगळे मेसेज करून राहिले. डिंपलले: "ताई, मी वहीत पाहिलं. आपण सातही जणांनी सोमवारी सगळ्यात जास्त लिहिलं. पार्कच्या सुट्टीच्या दिवशी." मी लिवलं, "योगायोग आहे काका." ते म्हणाले, "तसंच असन. आन रविवारी चार ते पाच सातही जण एकदम चूप होता. रसिक दिसता."

पटलं त्याले. फॅक्टरीवाल्याले काही पण सांगा, चालते.

१९ जानेवारी, सोमवार

मेली मी.

शेठनं ग्रुपवर लिवलं: "जागेबद्दल तक्रार करणारे हे सात मान्यवर कोण? समोर येऊन बोला. समोर आले तर ऐकतो. नाही आले तर झेंड्याजागी खड्डे." आन वरून आनंदरावकाकानं भर टाकली: "चांगला विचार. सत्तावीस तारीख, मंगळवार, चार वाजता. मंडपातच ठेवू, लोकाइले बसाले जागा आहे. सातही मान्यवर नक्की येतील, मी जबाबदारी घेतो."

कोण म्हणालं तुमाले जबाबदारी घ्याले! कर्नल पुण्यात राहते!

कर्नलले काकाचा वेगळा मेसेज: "साहेब, येताना आवाज मोठा घेऊन या. तिथला माइक खराब आहे."

२१ जानेवारी

सात माणसं पाहिजे. मंडळात गडी किती? सात.

बाबाले सांगाले लय धीर लागला. सगळं सांगितलं. मले वाटलं आता चप्पल येते. बाबानं ढोलकी बाजूले ठेवली. मंग विचारलं, "कर्नलले मिशी आहे का?"

"आहे ना बाबा! मोठी!"

"बसस्टँडवरच्या न्हाव्याजवळ जुनी मिशी आहे माझी. घेऊन ये."

रात्री दोन भाकरी खाल्ल्या. ॲसिडिटी गेली.

२५ जानेवारी, रविवार

तालीम चालू आहे आमच्या अंगणात. डिंपल गोलूच करून राहिला, गॉगल लावून. मी म्हटलं, "गोल्या, नागपूरची पोट्टी आहे ते, इतली लाजत नाही."

गोलू म्हणते, "नागपूरची असली म्हणून काय झालं, बाई आहे का नाही?"

"तुले बायाइबद्दल काय माहीत बे?"

"वीस वर्षं झाले मले बाई होऊन. तुले होऊन किती झाले?"

पटलं. त्याचीही वीस, माझीही वीस.

बाबाले चारच वाक्यं देली: 'मी कर्नल. मी जग पाहिलं. असा मंडप कुठं पाहिला नाही. जय हिंद.' मंडळातल्या माणसाले माइक भेटला का गाडी थांबत नाही, म्हणून चारच.

२७ जानेवारी, मंगळवार

घाईत लिवून राहिली, अक्षर पाहू नये.

मंडप भरला. मंगळवारचा पार्क, जिथं कुत्रं पण येत नाही, तिथं चारशे लोकं. आनंदरावकाकानं तीन गावात कागद चिकटवले होते म्हणे. काहून चिकटवले ते समजलं नाही. इश्वरशेठ समोर खुर्चीत, मांडीवर हॉटेलचा नकाशा.

पहिली डिंपल. गॉगल, लाल साडी. "मले दंडार पाहिल्याबिगर झोप येत नाही शेऽठ," म्हणून अशी मान वळवली का मागच्या पोट्ट्याइनं शिट्ट्या मारल्या. शेठ पण हसला. चांगलं चाललं होतं.

मंग कर्नल. मिशी, कोट, गोलूच्या मामाची टोपी. बाबानं सॅल्यूट मारला. "मी कर्नल. मी जग पाहिलं."

आन थांबले.

मी खालून ओठ हलवून राहिली, 'असा मंडप, असा मंडप.' बाबा माझ्याकडं पाहतच नव्हते. शेठकडं पाहून राहिले होते.

"जग म्हणजे काय पाहिलं शेठ? साकोली पाहिली, पवनी पाहिली, अर्जुनी पाहिली. बैलगाडीत ढोलकी टाकून गेलो. आता कोणी बोलवत नाही. त्याचा राग नाही. लोकाइले दुसरं आवडते तर आवडो. पण रविवारी चार वाजले का या हाताले खाज सुटते. टिन काढलं का मी घरी बसन, जेवन, सगळं करन. या हाताले काय सांगू? त्याले तर कॅलेंडर वाचता येत नाही."

मिशी एका बाजूनं सुटली होती. बाबाले ते माहीत नव्हतं. कोणी हसलं नाही.

मी ओढणीनं डोळे पुसले. धूळ असन, मंडपात लय धूळ राहते.

तितल्यात आमच्या गावची ललिताबाई उठली. सत्तर वर्षांची बाई, चढू चढू स्टेजवर गेली आन बाबाच्या हातात दहाची नोट ठेवली. आन गोलू! डिंपलच्या साडीत उभा असलेला गोलू! त्यानं सवयीनं माइक ओढला आन आपल्या खऱ्या आवाजात ओरडला:

"ललिताबाईकडून आपल्या मारोतरावच्या पार्टासाठी दहा रुपये बक्षीस! मंडळ आभारी आहे!"

मी डोळे मिटून घेतले.

शेठ उठला. "मारोतराव? कर्नल कुठं आहे मंग?" बाबानं मिशी काढून हातात घेतली. "आन तू कोण?" गोलूनं गॉगल काढला. "झुलेवाला? बाकीचे पाच?" पाचही जण एकमेकाच्या मागं लपाले लागले. "अकराशे लोकाइच्या ग्रुपवर मले येडं बनवणारा आहे तरी कोण?"

मी उठली. पाय उठले, मी नाही. "मी आहे शेठ. सातही मीच. बाबाले नका बोलू."

शेठ स्टेजवर चढला. माइक हिसकला. "माझा पार्क! माझा मंडप! माझं टिन! आन मलेच फसवता? मी काय दगड आहे का? मले मन नाही? लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून मी पण दंडार पाहिली! मले मिलमध्ये बसवलं, कोणी विचारलं का इश्वरा, तुले काय पाहिजे?"

मंग मोहाडीचा एक फेटेवाला म्हातारा उठला, स्टेजवर गेला, शेठच्या हातात वीसची नोट ठेवली आन म्हणाला, "वा! रागाचा पार्ट असा पाहिजे!"

लोकाइले वाटलं शेठ पण नाटकातच आहे.

गोलूले काय, सवय! "मोहाडीकराइकडून इश्वरशेठच्या पार्टासाठी वीस रुपये बक्षीस! मंडळ आभारी आहे!"

चारशे लोकाइच्या टाळ्या. शेठ नोट धरून उभा. पाचशेच्या गड्ड्या मोजणारा माणूस, वीसच्या नोटेकडं असा पाहून राहिला होता जसं काही पहिल्यांदाच पैसा पाहिला. बक्षीस घेतलं का लोकाइले नमस्कार करा लागते. बाबानं हळूच त्याच्या कोपराले हात लावला. शेठ वाकला.

"पुढं बोला शेठ! पुढं!" मागून आवाज.

शेठनं छाती काढली. "हा इश्वर जिता आहे तोपर्यंत या मंडपाच्या टिनाले कोणी हात लावणार नाही!"

टिन हललं इतल्या शिट्ट्या.

आनंदरावकाकाले मात्र मोठा धक्का बसला असन. सातही फॅन खोटे निघाले ना. पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही, उलट हसून राहिले होते. म्हाताऱ्या माणसाले धक्का उशिरा बसते. जाताना म्हणाले, "कर्नल साहेबाले माझा जय भीम सांगजो." अजून कर्नलच्या नादात आहेत.

२८ जानेवारी

सकाळी शेठनं ऑफिसात बोलावलं. झेंड्या अजून तिथंच आहेत.

"शेठ, काल तुम्ही माइकवर बोलले ना, टिनाले हात..."

"ते पार्टात बोललो. पार्टातलं कोणी खरं धरते का? हॉटेल होईन, तिथंच होईन. आन तू उद्यापासून येऊ नको. खोटी माणसं बनवते."

"शेठ, ते पण पार्टच होते."

शेठनं हातातला पेन खाली ठेवला. मले वाटलं जमलं. मंग म्हणाला, "टोकनची पेटी ठेवून जाय."

घरी आली. बाबाले सांगितलं. मले वाटलं रागावतील, माझी नौकरी गेली. बाबा म्हणाले, "कर्नलचं वाक्य तू बरोबर लिवलं होतं. मीच विसरलो." आन ढोलकी माळ्यावर टाकाले निघाले. मी शिडी धरली नाही. म्हटलं, टाका कशी टाकता ते.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी आमच्या दारात शेठची गाडी. आईनं खाटेवरचं धान सरकवून बसाले जागा केली. शेठ बसला, खोकलला, घर पाहिलं, पुन्हा खोकलला.

"मारोतराव, तो व्हिडिओ पाहिला का तुम्ही?"

परवापासून सगळे पाहून राहिले. आनंदरावकाकानं मंगळवारी सगळं मोबाइलमध्ये धरलं होतं, ग्रुपवर टाकलं. शेठ वाकून नमस्कार करते तो भाग लोकं पुन्हा पुन्हा पाहतात. खाली एकानं लिवलं, 'हॉटेल राहू द्या, शेठचा पुढचा प्रयोग कधी?' त्याले तीनशे अंगठे. आन हे मी नाही लिवलं. शपथेनं.

"पाहिला," बाबा म्हणाले.

"लोकं म्हणतात आवाज चांगला आहे माझा."

"आवाज आहे. हात कुठं ठेवायचे ते समजत नाही तुमाले."

शेठनं पटकन हात मांडीखाली घातले. मंग लहान आवाजात, "एखादा पार्ट आहे का हो मंडळात?"

आत आईच्या हातातलं ताट पडलं.

बाबा लय सावकाश बोलले. "राजाचा आहे. पण राजा उभा कुठं राहीन शेठ? तुमच्या लॉबीत?"

शेठनं लय वेळ छताकडं पाहिलं. "लॉबी डायनासोरच्या मागं जाईन. भंगार उचलतो मी."

आई आतून म्हणाली, "लिवून द्या."

"लिवून कायले वहिनी, घरचेच लोकं आपण."

बाबा म्हणाले, जाऊ दे. आई नाही म्हणाली. मी पण नाही. मंगळवारी माइकवर बोललेलं बुधवारी पार्ट झालं होतं. खाटेवर बोललेलं किती दिवस टिकन?

६ फेब्रुवारी

शेठची तालीम. दोन ओळी पाठ होत नाही माणसाले. धानाचे भाव वीस वर्षांचे पाठ आहेत. बाबा त्याले असे ओरडतात का आई कान झाकते. "मोठ्यानं! मागच्या बाईले ऐकू गेलं पाहिजे!" शेठ "हो गुरुजी" म्हणते.

शेवटी बाबानं ठरवलं का विंगेत कोणीतरी पुस्तक धरून बसायचं आन हळूच वाक्य सांगायचं. शेठनं फक्त ऐकून मोठ्यानं म्हणायचं. सगळे गडी स्टेजवर, मंग विंगेत बसन कोण?

मी हात वर केला.

शेठ म्हणाला, "हे पोट्टी नको." बाबा म्हणाले, "तिचा आवाज साफ आहे, आन लेखी काम तिचंच आहे." शेठ गुरुजीपुढं काय बोलन.

दोनदा करून पाहिलं. जे सांगितलं ते शेठ तसंच्या तसं म्हणते. मी एकदा मधातच 'भंगार' म्हटलं, तर राजा दरबारात 'भंगार' म्हणाला. विचार करत नाही. कानातून आत, तोंडातून बाहेर.

आता मले झोप येत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

अकराशेतले निम्मे तरी आले असन. लोकं गोल झुल्याच्या पाळण्यात बसून पाहत होते, झुला बंद करून. आनंदरावकाका पहिल्या रांगेत, मोबाइल दोन्ही हातानं धरून. मले पाहून म्हणाले, "आज चार्ज फुल आहे." मी कायले विचारलं होतं?

प्रवेश असा: राजा खुश आहे. गरीब शाहीर, म्हणजे बाबा, समोर येऊन हात जोडते. म्हणते, "महाराज, सोनं नको, नाणं नको. डोकं टेकवाले जागा द्या." पुस्तकात राजाचं वाक्य आहे, 'जा, ही सोन्याची अंगठी तुला दिली.' येड्यासारखंच वाक्य आहे. माणूस जागा मागते आन हे अंगठी देते.

बाबानं हात जोडले. म्हणाले. त्या आवाजानं झुल्यावरचे पोट्टे पण चूप झाले.

शेठचा कान माझ्याकडं. मी पुस्तक मिटलं.

"जा," मी हळूच म्हटलं.

"जाऽ!" शेठ गरजला.

"या टिनाखालची जागा."

"या टिनाखालची जागा!"

"वीस वर्षं तुझ्या मंडळाची. मंगळवारी लाखनीले ये."

"वीस वर्षं तुझ्या मंडळाची! मंगळवारी लाखनीले..."

तिथं थांबला. कानात गेलेलं आता डोक्यात पोचलं. मान वळवून त्यानं विंगेत पाहिलं, सरळ माझ्या डोळ्यात. मुकुट तिरपा झाला होता. पुस्तक मिटलेलं मांडीवर, ते पण दिसलं त्याले.

बाबाले यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याइले वाटलं नवा गडी वाक्य विसरला. तीस वर्षांत असे किती विसरलेले त्याइनं सांभाळले. हात जोडलेलेच ठेवून एक पाऊल पुढं आले, आन लोकाइले वाटावं का हे पण नाटकातच आहे असं म्हणाले, "थांबू नका महाराज. मी ऐकून राहिलो."

शेठनं माझ्यावरची नजर काढली आन बाबाकडं पाहिलं. लय वेळ पाहिलं. मंग मुकुट सरळ केला.

मी ओठ हलवले, "स्टॅम्प पेपरवर सही करतो."

"स्टॅम्प पेपरवर सही करतो!" शेठ म्हणाला, इतल्या मोठ्यानं का मागच्या बाईलेच काय, हायवेवरच्या ट्रकवाल्याले ऐकू गेलं असन. आन मंग वाकून, बाबाच्या जोडलेल्या हाताले हात लावून, "अकरा वाजता."

अकरा वाजता हे मी सांगितलं नव्हतं.